फीडर क्रमांक तीन

मांद्र्याला दर शनिवारी टेंपो भरून स्पीकर उतरतात.
त्यांचा लोड मला ठाऊक आहे, गाणं नाही.
मी वीज खात्याचा लाईनमन, आगरवाडा सेक्शन,
आणि एकादशीला देवळात पेटी धरतो.

हेमांगी पार्सेकर आली ती ऊन कलल्यावर,
मिठागराच्या बांधावरून, चपला हातात,
गळ्यात हेडफोन, मुठीत एक पितळी चकती,
टिकलीपेक्षा थोडी मोठी, मागे वायर.
काका, ही ट्रान्सफॉर्मरच्या खांबाला चिकटवू?
म्हटलं, कुंपणाच्या आत पाय ठेवायचा नाही. मी लावतो.
नियमात बसत नव्हतं.
बसवलं.

मग तिने हेडफोनचा एक कान मला दिला.
अठ्ठावीस वर्षं ज्याला मी नुसतं 'चालू आहे' म्हणत आलो
ते आतून चक्क लावून धरत होतं,
पांढरी पाचच्या किंचित वर,
काळी चारला न पोचलेलं,
दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत बसकण मारून.
म्हटलं, बाय, हा सूर आमच्या पेटीत नाही.
म्हणाली, म्हणून तर.

सातला गावात दिवे लागले, पंप सुरू झाले, भार चढला.
सूर तिथेच राहिला, फक्त जड झाला,
जेवून उठलेल्या माणसाचा आवाज होतो तसा.

पुढे वर्षभर ती अशीच दिसायची:
मासळीच्या गाडीच्या कंप्रेसरला कान लावून,
सोड्याच्या दुकानातल्या फ्रिजमागे उकिडवी,
मानशीच्या दारातून भरतीचं पाणी शिरताना
खाजनाच्या कडेला, पोरं हसत असताना.
घरी मामाच्या गिरणीवरची खोली, एक लॅपटॉप,
गिरणी बंद झाली की हिचं सुरू.
आई सांगायची, पोरगी रात्रभर
एकच ठोका खालीवर करत बसते,
मीठ चाखून बघावं तशी.

प्रकाशन शुक्रवारी रात्री बाराला.
हॉल नाही, नारळ नाही, पाहुणे नाहीत.
कंपनी कुठली, विचारलं. म्हणाली, मीच.
आणि अकरा चौतीसला वीज गेली.

फोन आला: काका, ब्याण्णव टक्के!
मला आधी वाटलं, परीक्षेचे.
मग कळलं, गाणी वर चढत होती कुठेतरी
आणि अर्ध्या जिन्यात अडकली.
टॉर्च, हातमोजे, लांब दांडा घेऊन निघालो.
डीओ पडलेला, आणि खांबाखाली वटवाघूळ,
पंख अजून उघडे,
जणू कुणी छत्री विसरून गेलं.
त्याला पानात गुंडाळून बाजूला ठेवलं,
फ्यूज घातली, दांडा वर सरकवला.
खट्.
आणि तो फटीतला सूर परत आला.
असा कधी कुणाची वाट बघत उभा राहिलो नव्हतो.

पहिल्या रात्री सात जणांनी विकत घेतलं.
बर्लिनचे तीन, सांगलीचा एक,
दोघांनी गाव सांगितलं नाही.
ओसाकातला एक लिहितो,
आमच्याकडची वीज साठची, तुमची पन्नासची,
तुमचं गाव संथ घुमतं.
हे तिने मला दोनदा वाचून दाखवलं.
मांद्र्यातल्या टेंपोवाल्यांनी काही घेतलं नाही.

पंचवीस कॅसेटी तिने घरी भरल्या, हाताने नंबर घातले.
मला नववी. नाव: फीडर क्रमांक तीन.
भजनांच्या टेपवर लावली. ती शेंगदाणे निवडत ऐकत होती,
ती म्हणजे आमची मंडळी, आणि एकदम थांबली:
हा तुमचा खोकला!
चौथ्या तुकड्यात खरंच मी,
घुमण्याच्या पोटातून,
'बाय, मागे सर', आणि पुन्हा थोड्या वेळाने
'मागे सर', लांब, पाण्याखालून बोलल्यासारखा.
विचारलं असतं तर नीट आवाजात म्हटलं असतं.

परवा साहेब रजिस्टर तपासत होते.
खंडित ११.३४. पूर्ववत ११.५२. कारण, वटवाघूळ.
शेऱ्याचा रकाना मी कधी भरत नाही.
त्या रात्री 'पांढरी पाच, जरा वर' असं लिहिलं होतं,
मग खोडलं होतं.
खोडलं तरी वाचता येतं.